आजीच्या हातात चप्पल आली कशी?

(दृश्य: गावचा चौक. गिटार घेतलेला मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारा) वादक, शेजारी बारा वर्षांचा मिगेल.)

मुलगा वादकाशी बोलत बसलाय. तेवढ्यात आजी येते, पायातली चप्पल काढते आणि वादकालाच बडवायला लागते. घरात संगीत वर्ज्य, आणि हा कोण उपटसुंभ नातवाला गाण्याच्या नादी लावतोय!

पिक्सार स्टुडिओच्या 'कोको' या चित्रपटातल्या एलेना आजीच्या हातात आधी लाकडी डाव होता. मेक्सिकन मुळाच्या सल्लागारांनी तो काढायला लावला. डाव नाही, चप्पल. स्पॅनिशमध्ये ला चांक्ला. मेक्सिकन घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, तिचा नेम कसा अचूक असतो ते तो सांगेल. त्यात हे रिवेरा कुटुंब पिढीजात चांभारकाम करणारं, म्हणजे चप्पल अधिकच शोभली. आपल्यालाही हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागत नाही, ते सोडा.

पण हे सल्लागार स्टुडिओत आले कसे? त्यामागे एक भांडण आहे.

(दृश्य: मृतांच्या दिवसाची वेदी. फोटो, मेणबत्त्या, पाव, फुलं.)

मे २०१३. 'दिया दे लोस मुएर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस, हे नाव आपल्या नावावर नोंदवून घ्यावं म्हणून पिक्सारची मालक असलेल्या डिस्नेने या चित्रपटासाठी अमेरिकेत ट्रेडमार्कचे अर्ज केले. एका अख्ख्या समाजाचा सण, आणि त्याच्या नावावर कंपनीचा शिक्का! अमेरिकेतले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाचे लोक खवळले, हजारो सह्या जमल्या. लालो आल्काराझ या व्यंगचित्रकाराने मिकीचा अक्राळविक्राळ सांगाडा शहरावर चाल करून येतोय, असं चित्र काढलं. काही दिवसांतच डिस्नेने अर्ज मागे घेतले. पुढे स्टुडिओने थेट आल्काराझनाच सल्लागार म्हणून बोलावलं. सोबत नाटककार ऑक्टाव्हियो सोलिस आणि मार्सेला डेव्हिसन आविलेस. टीकाकाराला घरात घेणं हा धूर्तपणा की शहाणपणा? मला वाटतं, दोन्ही. अर्थात 'तुम्ही विकले गेलात' हे आल्काराझना आपल्याच लोकांकडून ऐकावं लागलंच.

दिग्दर्शक ली अंकरिच यांच्या पहिल्या कथेत नायक होता अमेरिकेत वाढलेला मुलगा. आई मेक्सिकन, ती वारलेली. तो आजोळी जातो आणि आईच्या दुःखातून बाहेर पडायला शिकतो. ऐकायला बरं वाटतं, पण या सणाच्या मुळावरच येणारं. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखांना घरोघरी वेदी मांडतात ती गेलेल्यांना विसरू नये म्हणूनच. 'सावर आता, पुढे चल' हा सल्ला तिथे कुणी देत नाही. आपण परक्याच्या नजरेने गोष्ट सांगतोय हे अंकरिचना उमगलं आणि ती कथा बाजूला पडली. सहदिग्दर्शक आणि सहलेखक एड्रियन मोलिना स्वतः मेक्सिकन-अमेरिकन. आजी, पणजी, काका-काकू, भावंडं एका छताखाली नांदतात, असं घर त्यांच्या ओळखीचं होतं.

(दृश्य: झेंडूच्या पाकळ्यांचा पूल.)

चित्रपटात मृत ज्या पुलावरून घरी येतात, तो सेंपासूचिलच्या पाकळ्यांचा. म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याला दारावर चढणारं हे फूल मूळचं मेक्सिकोचंच. समुद्र ओलांडून ते इकडे आलं आणि आपलंच होऊन बसलं.

सगळंच अस्सल आहे असं मात्र नाही. ते रंगीबेरंगी पंखांचे प्राणी, आलेब्रिखेस, मृतांच्या दिवसाच्या जुन्या परंपरेतले नाहीतच. पेद्रो लिनारेस या मेक्सिको शहरातल्या कारागिराने १९३०च्या दशकात कागदाच्या लगद्यातून ते घडवायला सुरुवात केली. चित्रपटाने त्यांना मृतांचे वाटाडे करून टाकलं. दिसतात सुरेख, पण जगभरच्या मुलांना आता तेच खरं वाटणार.

(दृश्य: कोलंबियातल्या डोंगरदऱ्या, उंच मेणताड.)

'कोको' २०१७ चा. अमेरिकेच्या आधी मेक्सिकोत झळकला आणि तिथे कमाईचा विक्रम करून गेला. २०२१ मध्ये डिस्नेचा 'एन्कांतो' आला. देश कोलंबिया, घर माद्रिगाल कुटुंबाचं. एकाच घरात गोरी, सावळी, काळी माणसं, सरळ केस, कुरळे केस. हे पडद्यावर यायला इतकी वर्षं लागली! १९४४ मध्ये याच डिस्नेने मेक्सिको दाखवला होता तो मोठी टोपी घातलेल्या, पिस्तुलं झाडणाऱ्या कोंबड्याच्या रूपात.

'एन्कांतो'तल्या आल्मा आजीचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत मारला जातो. पदरात तिळी बाळं. मारणारे कोण, हे चित्रपट सांगत नाही. कोलंबियात हिंसाचारामुळे लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. तिथल्या प्रेक्षकाला नाव सांगायची गरज नसेल, बाहेरच्याला मात्र ते कुठलंसं परीकथेतलं संकट वाटतं. इथे चित्रपट कचरला, असं माझं मत.

आणखी एक खटकतं. पुन्हा मोठं घर, पुन्हा करडी आजी, पुन्हा पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलेली जखम. लॅटिनो कुटुंब म्हटलं की हाच साचा. लॉस एंजेलिसमधल्या दोन खोल्यांच्या घरात, रात्रपाळी करणाऱ्या आईबरोबर राहणारं पोरही लॅटिनोच असतं. त्याच्या घरात जादूचा दरवाजा नाही, म्हणून त्याच्यावर एवढा पैसा ओतायला अजून कुणी फारसं धजावत नाही.