धारोष्ण दूध आणि माझी गेलेली अब्रू

विषय पत्रिकेवर छापलाय, 'भाकरी, मटण आणि तूप : पोटातला प्रवास'. त्यावर येतोच. पण त्याआधी दुधाचं बोलतो, कारण ते माझं जुनं दुखणं आहे आणि ऐकून घेणारी माणसं रोज मिळत नाहीत.

मी नववीत होतो. मामानं तालमीत घातलं आणि पहिल्याच संध्याकाळी जाताजाता कोल्हापुरातल्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. समोर म्हैस, समोरच धार, हातात फेसाळलेलं अर्धा लिटर. मामा म्हणाला, "पी लेका, डोळं झाकून." प्यालो. तासाभरानं लाल मातीत उतरलो, पण खरी कुस्ती पोटातच लागली. जोडीदारानं पट काढायच्या आत मी आखाडा सोडून धूम पळालो! (हसताय, पण तुमच्यातही चार-दोन असतील.) वस्तादांनी निकाल दिला, "पोरात दम न्हाई. दूध पचंना." पुढं लग्न ठरेपर्यंत गल्लीत माझी हीच ओळख.

आता हिशेब करू. अर्धा लिटर दुधात 25 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज ही साखर असते. ती अखंड रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत हे विकर लहानपणानंतर कमी होत जातं. मग न तुटलेली साखर पाणी ओढत मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. मामाचं लॅक्टेज कामावर राहिलं, माझं लवकर निवृत्त झालं. यात दमाचा काय संबंध? दही मात्र मला चालतं, कारण विरजणातले जिवाणू थोडी साखर आधीच खाऊन टाकतात.

मागनं कुणीतरी तांबड्या रश्शाचं विचारतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. तोंड भाजलं की तांब्याकडं नको, पांढऱ्या रश्शाकडं वळा. नारळाचं दूध असतं त्यात.

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, पळत सांगतो. भाकरीतला स्टार्च तोंडातच लाळेनं तुटायला लागतो, जठरातल्या आम्लात ते काम थांबतं, पुढं स्वादुपिंडाचा रस ते पुन्हा हाती घेतो. शेवटी ग्लुकोज होऊन यकृताकडं. मटणातली प्रथिनं जठरात पेप्सिन हे विकर फोडायला घेतं, आतड्यात ट्रिप्सिन वगैरे मंडळी त्यांची अमिनो आम्लं करतात. तीही यकृताकडंच. तुपाची तऱ्हा निराळी. पित्तानं त्याचे बारीक थेंब होतात, लायपेज ते फोडतं, आणि बरीचशी चरबी यकृताची वाट टाळून लसीकावाहिन्यांतनं, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नळ्यांतनं, वर चढते. ती रक्ताला मिळते थेट डाव्या गळपट्टीच्या हाडामागं. शिवाय स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला वेळ लावतात, म्हणून रविवारी मटणावर ताव मारला की संध्याकाळपर्यंत भूक नाही.

भाकरीतल्या तंतूंचं (फायबरचं) राहिलं. चहा आलाय म्हणतात. माझ्यात दूध घाला, बिनधास्त. एवढं मलाही पचतं.