घाम रोख, झोप उधार

मागच्या रांगेतले एक गृहस्थ आत्ताच पेंगायला लागलेत. कृपा करून त्यांना उठवू नका, आजच्या विषयाचं तेवढंच प्रात्यक्षिक माझ्याकडे आहे.

तर, व्यायाम आणि झोप. अंग मोडून काम केलं की ढाराढूर झोप लागते, हे आपण सगळेच ऐकत आलोय. मी ते साठीनंतर मनावर घेतलं, आणि त्याला कारण मुलीनं भेट दिलेलं मनगटी घड्याळ. ते वेळही सांगतं, पण तो जोडधंदा. मुख्य काम, सकाळी झोपेचे मार्क देणं. पहिल्या दिवशी तासभर तरातरा चाललो, घामाघूम झालो आणि रात्री परीक्षेला बसावं तसा अंथरुणावर पडलो. सकाळी शंभरपैकी ६१. दुसऱ्या दिवशी इरेला पेटून दीड तास चाललो. ५८! तिसऱ्या रात्री मार्कांच्या धास्तीनं डोळ्याला डोळा लागेना. शेवटी उठून खुर्चीत पुस्तक वाचत बसलो, तर सकाळी घड्याळ म्हणतं, त्या वेळात तुम्हाला छान हलकी झोप लागली होती. वाचताना हात हलला नाही ना! हे यंत्र मनगटाची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी बघायच्या तर डोक्याला तारा चिकटवाव्या लागतात. या मार्कांपायी झोप घालवून बसणारा मी एकटा नव्हे बरं का. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या दुखण्याचं बारसंही केलंय, ऑर्थोसोम्निया. मी मोठ्या अभिमानानं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग रात्री काढून ठेवा की." झालं! आजाराला नाव मिळाल्याचा आनंद दोन मिनिटंसुद्धा टिकू दिला नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. मूळ मुद्दा अजून पिशवीतच आहे.

घड्याळ चुकलं, पण मी जास्त चुकलो. आजच्या चालण्याची झोप मी आजच वसूल करायला बघत होतो. निद्रानाश असलेल्या मोजक्या वयस्कर मंडळींना १६ आठवडे नियमित व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांची झोप सुधारली. हा २०१० चा अभ्यास. पुढे २०१३ मध्ये त्यातल्याच नोंदी एकेका दिवसानं ताडून पाहिल्या, तर व्यायामाच्या दिवशी रात्र चांगली गेली असं काही दिसेना. उलट, झोप लागायला उशीर झाला की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम आखडायचा. म्हणजे बैल गाडीच्या मागे! मुळात चांगली झोप असणाऱ्यांना त्याच रात्री थोडा फरक जाणवतो, पण ते कशाला येतील या व्याख्यानाला?

कारणं भराभर सांगतो. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं झोपेची ओढ वाढते, आणि व्यायाम त्यात भर घालत असावा. कॉफी या ॲडेनोसिनचीच वाट अडवते. दुसरं, व्यायामानं अंग तापतं, नंतर निवतं, आणि निवणाऱ्या शरीराला झोप लवकर लागते. संध्याकाळी व्यायाम करावा का? खुशाल करा. फक्त दमछाक करणारा प्रकार झोपेच्या आधीच्या तासाभरात नको. घोरताना श्वास अडकत असेल तर व्यायामानं वजन न घटताही थोडा उतार पडतो, तरी डॉक्टरांना दाखवाच. आठवड्याला किती, हे विचारणार तुम्ही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो झोपेसाठी म्हणून ठरवलेला आकडा नव्हे, पण...

बरं, बरं. आभार मानणारे उठलेच आहेत.