डोंगरातली सीमा आणि पहाटेची बस

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘डोंगरातली सीमा’. तिथपर्यंत मी येणार आहे. पण मला जे सांगायचंय ते एका बसमध्ये बसल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून आधी सगळ्यांना बसमध्ये बसवतो.

व्हिएतनामच्या वायव्य टोकाला दिएन बिएन फू. तिथली १९५४ची लढाई, जिच्यात व्हिएत मिन्हच्या स्वातंत्र्यसैन्याने फ्रेंचांना हरवलं, ती या सभागृहाला नव्याने सांगायची गरज नाही. गावापासून पस्तीसेक किलोमीटरवर ताय त्रांग ही सीमाचौकी. मग काही किलोमीटर कोणाचीच वस्ती नसलेला घाट, आणि पलीकडे लाओसची पांग होक चौकी. तिथून रस्ता डोंगर उतरत नाम ऊ नदीकाठच्या मुआंग ख्वाला जातो. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. बस उजाडायच्या आत सुटते.

आता तक्रार. ती खूप दिवस साचलेली आहे, तेव्हा ऐकून घ्या. हनोईत एका प्रवासी कंपनीच्या कार्यालयात मी या बसची चौकशी केली. समोरच्या तरुणाने आधी विमानाचं तिकीट दाखवलं. हनोईहून लाओसमधलं लुआंग प्रबांग, तासाभरात. मी म्हटलं, मला बसने जायचंय. त्याने अगदी काळजीने सांगितलं, ‘पण मधे काही नाही.’ परत आल्यावर आपल्याकडच्या सहलींची माहितीपत्रकं मुद्दाम चाळली. तीन देश, आठ दिवस, आणि नकाशावर एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर उडी मारणारा बाण. त्या बाणाखाली नुसता हिरवा रंग. मधे काही नाही!

या ‘मधे काही नाही’चा मला मनापासून राग येतो. त्या हिरव्या रंगात काय आहे ते सांगतो.

दिएन बिएन फूच्या स्थानकात बस भरताना पाहावी. माणसं शेवटी भरतात. आधी तांदळाची पोती, नूडल्सची खोकी, पाण्याचे पाइप, प्लास्टिकच्या खुर्च्या. मधल्या वाटेत पोती आडवी टाकतात आणि त्यांवर माणसं बसतात. इथे कोणी कोकणात एसटीच्या टपावर फणस चढवताना पाहिलेत का? हात वर करा... बरेच आहेत. मग तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. फक्त त्या दिवशी टपावर फणसांऐवजी भात भरडायची गिरणी होती.

गिरणी म्हणजे छोटी, इंजिनावर चालणारी, गोणपाटात गुंडाळलेली. ती टपावर चढवायला अर्धा तास गेला. तिच्या मालकीणबाई माझ्या शेजारी. पांग होकच्या पलीकडच्या, खमू नावाच्या डोंगरी समाजाच्या एका वस्तीतल्या. त्यांना थोडं व्हिएतनामी येत होतं, मला चार शब्द, बाकी काम खुणांनी. त्यांनी पाय आपटून दाखवला. घरी पायाने दाबायचं लाकडी कांडण आहे, पहाटे उठून रोजचा भात त्यावर सडायचा. मग वर टपाकडे बोट केलं आणि हसल्या. यापुढे पाय आपटायचा नाही.

पुढच्या आसनावर ‘काळे ताई’ नावाच्या समाजाच्या दोन स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या लग्न झालेल्या बायका केस डोक्याच्या अगदी माथ्यावर बांधतात, उंच अंबाडा. व्हिएतनाममध्ये २००७च्या डिसेंबरपासून मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं, आणि या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. तिथे हा चांगला चर्चेचा विषय झाला. बसमध्ये तो प्रश्न नाही. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाल्या, पलीकडे, आतेबहिणीच्या मुलीचं लग्न. तुम्ही-आम्ही पलीकडच्या आळीत जातो त्या सुरात.

चौकीवर शिक्के झाले. ड्रायव्हरच्या हातात कागदांचा गठ्ठा, आणि दोन्ही बाजूंचे पोलीस त्याला नावाने हाक मारणारे. मग लाओसच्या बाजूला, एका वळणावर, बस थांबली. तिथे पाटी नाही, शेड नाही, पण तीस-चाळीस माणसं उभी होती, पोरंबाळं धरून. गिरणी उतरवायची होती. क्लीनर टपावर, खाली वस्तीतले पुरुष, दोर, बांबू, आरडाओरडा. आमच्यातले निम्मे लोक उतरून हात लावायला गेले, मीही गेलो. गिरणी जमिनीला टेकल्यावर एका आजोबांनी तिच्यावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि मग, हे महत्त्वाचं आहे, रिकाम्या झालेल्या टपावर त्याच वस्तीने केरसुणीच्या गवताच्या पेंढ्या चढवल्या. त्या डोंगरात हे गवत कापून विकतात, हिवाळा सरताना घरात रोख पैसा येतो तो बराचसा त्यातून. पेंढ्या मुआंग ख्वाच्या व्यापाऱ्याकडे जाणार, तिथून पुढे. पावती नाही. ड्रायव्हरने पेंढ्या मोजल्या, आकडा मोठ्याने म्हटला, वस्तीतल्या एकाने मान हलवली. झाला करार.

या सगळ्यात तासभर गेला. दोन परदेशी मुलं घड्याळ दाखवत होती. त्यांचा राग मला कळतो, पण त्या बसवर त्यांचा आणि माझा हक्क सगळ्यांत शेवटचा होता. ती बस आमच्यासाठी निघालेलीच नव्हती.

समोरून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. मग आता भराभर सांगतो.

पहिली गोष्ट, ही वाट सीमेपेक्षा कितीतरी जुनी आहे. लाओ लोकांच्या उत्पत्तीकथेत माणसं भोपळ्यांतून बाहेर आली, आणि ते भोपळे लागले मुआंग थेंगला. मुआंग थेंग म्हणजे हेच दिएन बिएन फू, असं सर्वसाधारणपणे मानतात. तिथला राजा खुन बोरोम. त्याचा थोरला मुलगा खुन लो याने जाऊन लुआंग प्रबांगची गादी स्थापली. म्हणजे लाओसची मूळभूमी आज व्हिएतनाममध्ये आहे! याचं कोणाला तिथे फारसं दुःखही नाही, कारण लग्नं चालू आहेत.

दुसरी गोष्ट. फ्रेंचांच्या काळात व्हिएतनाम आणि लाओस दोन्ही इंडोचायना या एकाच वसाहतीत होते, त्यामुळे ही रेषा कारभाराची होती. दोन स्वतंत्र राष्ट्रांनी करार करून ती ठरवली १९७७ साली. दोन हजार किलोमीटरहून लांब सीमा, आणि करार या सभागृहातल्या अनेकांहून वयाने लहान. पण मधल्या काळात याच रस्त्याची किंमत माणसांनी भरली. १९५३च्या एप्रिल-मेमध्ये मुआंग ख्वाची फ्रेंच ठाणी वेढली गेली आणि महिन्याभराने पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेंच छत्रीसैनिक दिएन बिएन फूला उतरले. का? लाओसकडे जाणारी वाट अडवायला. आपण जिला बसची वाट म्हणतोय तीच. त्यांना हरवणाऱ्या व्हिएत मिन्हने अडीच लाखांहून जास्त हमाल आणि वीसेक हजार सायकली लावून डोंगरातून तांदूळ आणि दारूगोळा नेला. नंतर जिनिव्हात करार झाले. मुआंग ख्वा ज्या फोंगसाली प्रांतात आहे तो आणि हुआफान, हे दोन प्रांत पाथेत लाओ या लाओसमधल्या साम्यवादी चळवळीच्या सैन्याला एकत्र जमण्यासाठी नेमून दिले. या करारांवर देखरेख करणाऱ्या आयोगांचं अध्यक्षपद होतं भारताकडे. हे आपल्याकडे कोणी शाळेत शिकवत नाही, शिकवायला हवं.

तर माझं म्हणणं असं. आपण सीमा समजून घेतो ती करार, चौक्या, सैन्य यांवरून. हे सगळं खरं आहे. पण डोंगरातली सीमा नांदती ठेवायची म्हणजे दोन्ही बाजूंना रोज एकमेकांची गरज लागली पाहिजे. ती गरज वाहून नेणारं सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे ही बस. गिरणी इकडून तिकडे, गवत डोंगरातून बाजारात, वऱ्हाडी दोन्हीकडे. असं रोज चाललं की चौकीवरचा पोलीस ड्रायव्हरला नावाने ओळखतो, आणि माझ्या मते तो करार सरकारी कराराइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरी गोष्ट घाईत सांगावी लागतेय, खरं तर तीच सांगायला आलो होतो. ही व्यवस्था आता दोन बाजूंनी आवळली जातेय. मुआंग ख्वाहून खाली लुआंग प्रबांगपर्यंत पूर्वी नाम ऊमधून होड्या जात. नदीवर सात धरणं झाली, चिनी कंपनीने बांधली, आणि तो सलग जलमार्ग तुटला. दुसरीकडे ३ डिसेंबर २०२१ला चीनच्या सीमेवरच्या बोतेनपासून लाओसची राजधानी व्हिएनतियानपर्यंत रेल्वे सुरू झाली. वेगवान, छान रेल्वे. मला तिचा राग नाही. ती मुआंग साय, लुआंग प्रबांग अशी उत्तर-दक्षिण धावते. साहजिकच पैसा, हॉटेलं, गोदामं तिच्या स्टेशनांभोवती जमणार. दिएन बिएन फू–मुआंग ख्वा ही वाट पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात. बस मुआंग सायच्या स्टेशनाला नीट जोडली गेली तर वस्त्यांना नवा बाजार मिळेल. नाही जोडली, आणि परवडत नाही म्हणून एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा अशी झाली, तर दोन्ही चौक्या राहतील, रस्ता राहील, पण वळणावर गिरणी उतरणार नाही. ती मोठ्या ट्रकने येईल आणि ट्रक वस्तीपाशी थांबत नाहीत.

म्हणून दोन्ही देशांच्या वाहतूक खात्यांनी ही बस तोट्यात चालली तरी चालवली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो. आणि तुमच्यापैकी जे त्या भागात जाणार आहेत त्यांनी विमानाच्या आधी स्थानकावर जाऊन वेळ विचारा, तिकीट काढा, आणि पोत्यावर जागा मिळाली तर आनंदाने बसा. संयोजक उभे राहिलेत. प्रश्न असतील तर बाहेर चहाशी बोलू, नकाशा मी बरोबर आणलाय.