आई एकाएकी बदलली, तर आधी काय बघायचं

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. समोर एवढ्या बायाबहिणी बसलेल्या बघून मला बरं वाटलं, कारण आजच्या विषयाचं जवळपास सगळं ओझं तुमच्याच अंगावर पडतं. घरात डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार, झालेली सासू, आई किंवा वडील आहेत आणि त्यांना वारंवार लघवीचं इन्फेक्शन होतं, त्याबद्दल मी बोलणार आहे. हे चारचौघांत बोलायचं नाही असं आपण मानतो. मग प्रत्येक घराला तीच माहिती नव्यानं, हाल सोसून मिळवावी लागते.

भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आपल्याकडे त्याला कोणी आजार म्हणत नाही. ‘बुढी लेकरावानी झाली’ म्हणतात आणि तिथंच थांबतात.

डिमेन्शिया हळूहळू वाढतो, त्याला महिने, वर्षं लागतात. पण कालपर्यंत स्वतः हात धुऊन ताटावर बसणारी माय आज सकाळी उठतच नाही, किंवा रात्रभर भिंतीशी बोलते, लुगडं ओढते, गेलेल्या माणसांना हाका मारते, तर हा बदल डिमेन्शियाचा नसतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात, जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणत. तो काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. सकाळी ओळख देईल, संध्याकाळी भान नसेल. त्याचा एक मुका प्रकारही असतो. माणूस गप्प पडून राहतो, पेंगतो, घासच गिळत नाही. घरच्यांना वाटतं, आज त्रास नाही, बरं झालं. या मुक्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. काही घरं अशा वेळी भगताकडे जातात. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण आधी ताप मोजा, साखर बघा, दवाखाना गाठा. यात तासांना किंमत असते.

आता मुद्द्याचं बोलते. असा बदल झाला की हल्ली सगळे पटकन म्हणतात, ‘लघवीचं इन्फेक्शन असंल.’ असतंही पुष्कळदा. पण तसं धरून चालू नका. म्हातारपणी, विशेषतः बायकांच्या लघवीत, काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. वृद्धांच्या संस्थांमध्ये राहणाऱ्या बायकांत हे प्रमाण चारात एक ते दोनात एक इतकं आढळलं आहे. ते जंतू तिथं नुसते राहत असतात, त्यांना औषधाची गरज नसते. म्हणून रिपोर्टमध्ये ‘पस सेल’, म्हणजे पूच्या पेशी, दिसले किंवा लघवीला वास आला, रंग गडद झाला, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नये. वास आणि गडद रंग बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याचं सांगतात.

मग खरं इन्फेक्शन कसं ओळखायचं? जळजळ होते हे डिमेन्शियाचा माणूस सांगू शकत नाही, ते त्याच्या वागण्यात दिसतं. लघवीला बसताना कळवळतो, ओटीपोट धरतो, सारखा उठतो आणि थेंबभरच होते, आजवर कोरडा असणारा एकदम कपडे ओले करू लागतो, लघवीत रक्त दिसतं. पाठीत कुशीच्या बाजूला हात लावू देत नाही. सोबत १०० फॅरनहाइटच्या वर ताप किंवा थंडी वाजणं. म्हाताऱ्यांना ताप फार चढत नाही, म्हणून त्यांचा बरा असतानाचा ताप एकदा मोजून लिहून ठेवा. त्यापेक्षा दोन अंश वर गेला तरी दखल घ्यायची. यातलं काहीच नसेल, नुसता गोंधळ असेल, तर अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की लगेच अँटिबायोटिक न देता माणसावर बारीक लक्ष ठेवा आणि दुसरी कारणं शोधा.

दुसरी कारणं आपल्या भागात भरपूर आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की उन्हाचा तडाखा आणि सुकलेलं शरीर. डायबिटीसची गोळी दिली आणि बुढी जेवलीच नाही, तर साखर खाली जाते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, उतरतं. न्यूमोनियाही असू शकतो. पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साकळतं, त्याला कधी दोनतीन आठवडेही लागतात. पावसाळ्यानंतर मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस, म्हणजे गवतझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आणि सर्दीची, झोपेची, पोटदुखीची साधी वाटणारी गोळी. यातल्या बऱ्याच गोळ्या डोकं आणखी गोंधळवतात, शिवाय लघवी अडकवतात. लघवी लवकर लवकर लागते म्हणून ऑक्सीब्युटिनिनसारखं औषध दिलं जातं, त्याचंही तेच आहे. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. दुकानातून आणलेल्याही न्या.

इन्फेक्शनचा संशय असेल तर पहिला डोस देण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, करा. गोळी पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवत नाहीत आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळायचं राहून जातं. डायपर पिळून किंवा लघवी साठायच्या पिशवीतून घेतलेला नमुना कामाचा नाही. जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली थोडी धार सोडून द्या, मग लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. नमुना दोन तासांत पोचला पाहिजे. एसटीची वाट बघण्यात वेळ जाणार असेल, तर बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये डबी नीट बंद करून न्या. जमतच नसेल, तर ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर एकदाच नळी घालून नमुना घेऊ शकते. उगवायला, ओळखायला दोनएक दिवस लागतात. माणूस फार आजारी असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत, औषध सुरू करतात आणि रिपोर्टप्रमाणे बदलतात.

मेडिकलमधून मागच्या वेळची तीच पाच गोळ्यांची पट्टी आणणं बंद करा. पट्टीवरची उभी लाल रेष डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगण्यासाठी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या गोळ्यांना आपल्याकडचे बरेच ई. कोलाय, म्हणजे हे इन्फेक्शन बहुतेक वेळा करणारे आतड्यातले जंतू, आता दाद देत नाहीत. शिवाय त्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं भान बिघडवू शकतात आणि डायबिटीसवाल्याची साखर एकदम खाली आणू शकतात. एक वही करा. तारीख, काय दिसलं, कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला, कोणतं औषध चाललं. पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांच्या हातात द्या. आणि माणूस बरा झाल्यावर ‘साफ झालं का बघू’ म्हणून पुन्हा कल्चर करू नका. राहिलेले निरुपद्रवी जंतू दिसतील आणि पुन्हा गोळ्या सुरू होतील.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. मग कारण शोधायचं. सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर लघवीच्या पिशवीत (मूत्राशयात) किती उरते ते मुद्दाम मोजायला सांगा. पुरुषांत प्रोस्टेट, दोघांतही मुतखडा, साखर आणि बद्धकोष्ठ. साचलेला मळ पिशवीवर दाबतो, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. पोट साफ ठेवणं हा इथं औषधाइतकाच मोठा उपाय आहे.

बायकांसाठी एक उपाय आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून जरा थांबून सांगते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथले राखणदार जंतू मरतात आणि आतड्यातले जंतू जागा घेतात. योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं इन्फेक्शन कमी होतात. ते रक्तात फार थोडं जातं. पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आईला कधी, कसं लावायचं, ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडून हातानं शिकून घ्या. लावताना प्रत्येक पायरी तिला सांगा. ती नको म्हणाली तर त्या दिवशी सोडून द्या, जबरदस्ती नको.

पाण्याचं बोलू. बुढी पाणी पीत नाही, कारण लघवीला जायची तिला भीती असते. संडास सांदवाडीच्या टोकाला, पायऱ्या उंच, रात्री अंधार, गुडघे वाकत नाहीत आणि कपडे ओले झाले तर बोलणी बसतात. मग ती पिणंच कमी करते. तिला पाणी पी म्हणून रागावण्याआधी ती वाट सोपी करा. दिवा लावा, धरायला बांबू ठोका, खाटेजवळ भोक असलेली खुर्ची आणि खाली भांडं ठेवा. उठल्यावर, जेवल्यावर आणि मध्ये दर दोनतीन तासांनी आपणच घेऊन जा. ‘लघवीला लागली का?’ विचारलं तर ती नाही म्हणेल. ‘चाल माय, हात धुऊ’ म्हणा आणि हाताला धरा. बसवून घाई करू नका. झाल्यावर उभी करा आणि पुन्हा एकदा बसवा, उरलेली निघते.

पाण्याचंही तसंच. ‘पाणी देऊ का?’ ला उत्तर ‘नको’. तिच्या ओळखीच्या गडव्यात थोडं थोडं हातात द्या आणि स्वतः समोर बसून प्या, ती बघून पिते. ताक, आंबील, कैरीचं पन्हं, वरणावरचं पाणी, संत्रं, टरबूज, सगळं मोजलं जातं. साखर असेल तर गोड बेतानं, बीपी असेल तर मीठ बेतानं. दिवसाला दीड लिटरच्या आसपास बघा, पण हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. तुमचे नातेवाईक अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात असतील, तर तिथं भूजलच खारट आहे. म्हाताऱ्या माणसाला ते पिववत नाही. घरात थोडं गोडं पाणी असेल तर ते आधी तिच्यासाठी राखा.

एक विनंती डॉक्टर म्हणून करते. रात्री उठायला नको म्हणून लघवीची कायमची नळी घालून मागू नका. नळी महिनाभर राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू येतात, आणि भान नसलेला माणूस ती ओढतो, रक्त येतं. लघवी अडकली असेल तेव्हा ती लागतेच, पण दर भेटीत विचारा, ‘आता काढता येईल का?’ डायपर चालेल, मात्र ओला तसाच रात्रभर ठेवू नका.

थंडी भरून ताप, जोरात श्वास, हातपाय गार, उठवूनही जाग नाही, दहाबारा तास लघवीच नाही, तर वही, कल्चर सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. त्या वेळी तालुक्याच्या डॉक्टरांची ओपीडी उघडायची वाट बघू नका.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, सासऱ्यांना सुनेनं कसं धुवायचं? मुलगा घरात असेल तर हे काम त्याचं आहे, आणि ते त्याला शिकवता येतं. कुणीच नसेल आणि तुम्हालाच करावं लागलं, तर मांडीवर पंचा टाका, कोमट पाणी घ्या, ‘आता पुसते जी’ असं आधी सांगून मगच हात लावा. साबण नको. बायकांना पुढून मागे पुसा, मागून पुढे कधीच नाही. पुरुषांची पुढची कातडी हलकेच जेवढी मागे जाईल तेवढीच घ्या, धुवा आणि लगेच परत पुढे आणा. ती मागे तशीच राहिली तर सूज येते, आणि मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.