विसाव्या मजल्यावरची पडवी

(दृश्य: पेडर रोडवरून वर सरकणारा कॅमेरा)

कोपरे सुरीने कापून नेल्यासारखी दिसतेय, ती कंबाला हिलवरची कांचनजंगा. उंची ८४ मीटर, मजले २८, घरं मात्र ३२च. बांधकाम १९८३ मध्ये पुरं झालं. श्रीमंतांची घरं आहेत, ते लपवायचं कारण नाही. आपण आलोय ते या कोपऱ्यांसाठी.

(दृश्य: समुद्रावर दाटलेले ढग)

मुंबईत खरा पेच पश्चिमेचा. वारा तिकडून येतो, समुद्रही तिकडेच, म्हणून घराचं तोंड तिकडे हवं. पण दुपारचं ऊन तिथूनच भाजून काढतं आणि जूनमध्ये झडही तिथूनच आत येते. आपल्या जुन्या घरांनी यावर पडवी काढली होती. ऊन-पाऊस पडवीत अडायचा, वारा माजघरापर्यंत जायचा. कांचनजंगेचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, त्यांना तीच पडवी हवी होती, फक्त विसाव्या मजल्यावर.

(दृश्य: खालून वर, कोपऱ्यातल्या दोन मजली उंचीच्या गच्च्या)

आता, इमारतीचा कोपरा म्हणजे खांबाची हक्काची जागा. तिथेच पोकळी ठेवली, तर वरचं ओझं कुठे टाकायचं? नकाशा पुरा करून मग इंजिनियरकडे धाडला असता, तर तो तसाच परत आला असता. इथे स्ट्रक्चरल इंजिनियर होते शिरीष पटेल. लिफ्टभोवतीचा काँक्रीटचा गाभा इमारतीचा कणा झाला, वाऱ्याचा रेटा त्याच्यावर. हा गाभा आधी उभा राहिला, साचा हळूहळू वर सरकवत. गच्च्या ६ मीटरहून जास्त बाहेर झेपावल्या. त्यांच्या टोकाला आधार शोधा, सापडणार नाही.

(दृश्य: केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, सकाळची रहदारी)

खाली उतरलात की हा पूल लागतो. तोही पटेलांचाच, १९६५ चा. त्याच वर्षी कोरिया, पटेल आणि वास्तुविशारद प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली होती. तीच पुढे नवी मुंबई झाली. कांचनजंगेच्या कामातही मेहता होत्याच. म्हणजे एकमेकांचं म्हणणं खोडून काढायची सवय तिघांना आधीपासून असणार!

(दृश्य: काचेच्या टॉवरांची रांग)

पुढे शहराने काच लावली आणि गारवा एसीवर सोपवला.

(दृश्य: पहिला पाऊस, लांबून टिपलेली गच्ची)

ही सर बघा. कठड्याजवळच्या कुंड्या भिजल्या. मागचं दार उघडंच आहे.