टाचेची दोरी: साथीच्या काळात पाण्यावर परतताना

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर आजचा विषय ‘साथीच्या काळात रोइंगकडे सुरक्षित पुनरागमन’ असा छापलाय. हे शीर्षक सेक्रेटरीसाहेबांचं. मी त्यांना फोनवर ‘मी मुळा नदीत कसा पडलो’ असं सांगितलं होतं. ते म्हणाले, पत्रिका बाहेरही जाते, जरा बरं दिसेल असं काहीतरी द्या. तर पुनरागमन शेवटी येईलच. आधी पडतो. (हशा)

माझं म्हणणं एकच आहे आणि गेली काही वर्षं मी ते भेटेल त्याला ऐकवतोय. आज तुमची पाळी, म्हणजे घरच्यांना तेवढीच सुट्टी. साथीत अंतर पाळायचं म्हणून आपण आठ जणांच्या होडीतून माणसं उतरवली आणि एकेकट्याच्या होडीत बसवली. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात डुगडुगती होडी, आणि तीही आठ महिने वल्ह्याला हात न लावलेल्या माणसाला. एक धोका कमी केला, त्याच्या बदल्यात दुसरा अंगावर घेतला, आणि या दुसऱ्याची नोंद कुठल्याही वहीत नाही. वही होती हो गेटवर. तिच्यात आपण कपाळाचं तापमान लिहीत होतो.

त्या तापमानाचंही एक सांगतो. गेटवरच्या काकांकडे ते पिस्तूल असायचं. डिसेंबरच्या थंडीत, सकाळी सहाला, स्कूटरवरून आलेल्या माणसाच्या कपाळाला लावलं की माझा आकडा यायचा ९२. काका तो शांतपणे लिहायचे आणि म्हणायचे, ‘नॉर्मल.’ एवढ्या तापमानाचा माणूस खरं तर खांद्यावर घेऊन जायचा असतो. असो.

नियम करणारे मूर्ख नव्हते, हे आधी कबूल करतो, कारण तेव्हाच्या कमिटीत मीही होतो. पुण्यात पहिले रुग्ण सापडले ९ मार्च २०२० ला, २५ मार्चपासून देश बंद. त्यानंतर जगभर सगळ्या बोट क्लबांना एकच प्रश्न पडला. इंग्लंडमध्ये मे २०२० मध्ये पहिल्यांदा मोकळीक मिळाली ती एकट्याच्या होडीला, आणि एकाच घरात राहणाऱ्यांना एकत्र. आम्ही तेच उचललं. कागदावर ते अगदी चोख दिसतं. सिंगल स्कलमध्ये, म्हणजे एकट्याच्या होडीत, दोन्ही बाजूंची वल्ही पसरली की टोकापासून टोकापर्यंत साडेपाच मीटर होतात. सरकार म्हणत होतं दो गज, म्हणजे दोन मीटरसुद्धा नाही. ज्याला चिकटायचंच आहे त्यालाही चिकटता येत नाही, अशी ही होडी! आणि एकाच घरातल्यांनी दोघांच्या डबलमध्ये बसावं, हे मी घरी सुचवून पाहिलं. सौ. म्हणाली, मार्चपासून आपण एकाच होडीत आहोत, तेवढं पुरे.

आणि एटची, म्हणजे आठ जणांच्या होडीची, भीतीही खरीच होती. आपण पाठमोरे पुढे जाणारे लोक. होडी पुढे सरकते तसा वारा आपल्या पाठीवरून येतो आणि आपला श्वास समोरच्याच्या पाठीवर नेऊन टाकतो. आठ जणांचं हे सगळं जातं कुठे? शेवटी, आपल्याकडे तोंड करून बसलेल्या कॉक्सच्या, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या, तोंडावर. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा ओढतो. चांगला रोअर शर्यतीत दोनशेच्या घरात जातो. कॉक्स बिचारा समोर बसून ओरडणार, म्हणजे ओरडण्याआधी तो मोठा श्वास घेणार, आणि घेणार तो आपलाच. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाची तालीम झाली होती. ६१ माणसं होती, त्यातली ५३ आजारी पडली. नुसती गात होती हो ती. आपण गात नाही, धापा टाकतो. तेव्हा एट बंद, हे ठीकच होतं. केरळात नेहरू ट्रॉफीच्या होड्यांमध्ये शंभर-शंभर माणसं दाटीवाटीने बसतात. ती शर्यत २०२० लाही झाली नाही, २०२१ लाही नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच रद्द झाली. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला झाली, पण थेम्सवर नाही, ईलीजवळ, प्रेक्षकांशिवाय. त्याला नुसती साथ कारण नव्हती बरं का, थेम्सवरच्या हॅमरस्मिथ पुलाला तडे गेले होते. म्हणजे पूल बंद पडून लोकांची पंचाईत होणं ही काही पुण्याचीच मक्तेदारी नाही. (हशा) वेळ चाललाय, मला दिसतंय. मुळेवर येतो.

२०२० ची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. क्लबाचं दार उघडलेलं, दारावर आम्हीच लावलेली नोटीस: फक्त सिंगल स्कल, कोचिंग लाँच, म्हणजे कोचची मोटरबोट, बंद, कपडे बदलण्याची खोली बंद, मास्क सक्तीचा. लाँच का बंद? तर तिच्यात ड्रायव्हर आणि कोच असे दोघं लागतात, आणि दोघं म्हणजे गर्दी. आठवा, आपल्याकडे पोहण्याची चाचणी दिल्याशिवाय कुणाला होडीत बसू देत नाहीत. पण तलाव मार्चपासून बंद. ऑक्टोबरच्या मध्यापासून केंद्राने खेळाडूंच्या सरावापुरते उघडायला परवानगी दिली, पण मी कुठला खेळाडू? एकसष्ट वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. म्हणजे पोहायला बंदी, बुडायला परवानगी.

मी आयुष्यभर एटमधला पाच नंबर. मधली जागा, इंजिन. समोर कुणाची तरी पाठ, मागे कुणाचा तरी श्वास, डोकं चालवायची गरज नाही. सिंगलमध्ये शेवटचा बसलो होतो तेव्हा केस होते. सिंगलचं वजन चौदा किलो, लांबी आठ मीटरच्या वर, आणि पाण्याशी रुंदी म्हणाल तर ताटाएवढी. एटला उचलायला आठ खांदे असतात. ही आपली आपणच डोक्यावर घ्यायची. बोटहाउसमधून बाहेर काढताना शेपूट दाराला, नाक कुणाच्या तरी सायकलला. त्याआधी सॅनिटायझर. फोड आलेल्या तळव्यांवर सॅनिटायझर चोळलेले जे इथे आहेत, त्यांना मी जास्त काही सांगायला नको. तोंडातून जे बाहेर पडलं ते मास्कने अडवलं असेल तेवढंच.

घरी मी एर्ग, म्हणजे जमिनीवरचं वल्हवण्याचं मशिन, केला होता, हां. क्लबाची एर्ग मशिनं आपण सभासदांना वाटली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं की लॉकडाउनमध्ये वर पिठाची गिरणी कुणी काढलीय. तीन महिने रोज अर्धा तास ओढलं. घाम यायचा, पडद्यावर आकडे यायचे, मला वाटायचं आपण तयार आहोत. पण मंडळी, एर्ग उलटत नाही. तिथे हात जरा वरखाली झाला तर आकडा बदलतो. इथे तेवढ्याने होडी कलते.

सुटलो. पहिली शंभर मीटर बरी गेली. मग मला वाटलं, जरा जोर लावावा. एकट्या माणसाला जोर लावावासा का वाटतो हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. (संयोजकांकडे पाहून) नाही, नाही, आज नाही. डावं वल्हं जलपर्णीत घुसलं. तुम्हाला माहितीय, त्या हिवाळ्यात काठाकाठाने हिरवा गालिचाच होता. वल्हं अडकलं, मूठ पोटात आली, आणि मी डावीकडे गेलो. सावकाश, हं. धरणाचा दरवाजा उघडतो तसं, आपल्याला दिसत असतं, पण थांबवता येत नाही.

पाण्याखाली गेल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली, मास्क. हनुवटीखाली ओढलेला होता, तो वर सरकला आणि ओला होऊन नाकातोंडावर बसला. ओलं कापड नाकावर बसलं की काय होतं ते मी सांगत नाही. संरक्षणासाठी घातलेली वस्तू मी दोन्ही हातांनी ओरबाडत होतो. दुसरी गोष्ट, पाय. आपले बूट होडीला पक्के असतात, आणि टाचेला एक आखूड दोरी असते. बुटाची टाच जास्त वर उठू नये आणि पाय त्यातून सटकन निसटावा, एवढंच तिचं काम. माझ्या उजव्या बुटाची दोरी तुटलेली होती. केव्हा तुटली देव जाणे. आठ महिने होडी रॅकवर पडून होती. आम्ही रोज अर्धा तास होडी जंतुनाशकाने पुसत होतो, वल्ह्यांच्या मुठी साबणाने धूत होतो, मीच ते वेळापत्रक केलं होतं, आणि त्या दहा पैशांच्या दोरीकडे एकानेही पाहिलं नव्हतं. बूट माझ्याबरोबर वळला. दोन सेकंद असतील, फार तर तीन. मला तेवढ्यात सगळे इरिगेशन प्रोजेक्ट आठवले.

वर आलो, होडीला मिठी मारली. होडी सोडायची नाही हे आपल्या मास्तरांनी १९७८ साली शिकवलेलं, ते हातांनी लक्षात ठेवलं होतं. पायाला जलपर्णीची मुळं गुंडाळलेली. आता लाँच येणार म्हणून पाहतो तर लाँच बंद, ठराव माझाच. तेवढ्यात इंजिनीअरिंगचा एक पोरगा सिंगल घेऊन जवळ आला. चांगला मुलगा. दहा फुटांवर थांबला. त्याला कळेना काय करावं. मला म्हणतो, ‘काका, तुमची टेस्ट झालीय का?’ (मोठा हशा) त्याच्यावर हसू नका. त्याच्या घरी आजी होती, आठ महिने त्याला आपणच शिकवलं होतं की दुसऱ्या माणसाला हात लावणं हा गुन्हा आहे. शेवटी त्याने होडी वळवून शेपूट माझ्याकडे केलं. मी एका हाताने ते धरलं, दुसऱ्या हाताने माझी होडी, आणि तो मला ओढत काठाला घेऊन गेला. काठावर एक गवत कापणारा माणूस होता. त्याने काही विचारलं नाही. बखोटीला धरून बाहेर काढलं, म्हणाला, या वयात कशाला? घरी गेल्यावर चौदा दिवस नाही, पण दोन तास बाल्कनीत काढले. करोनासाठी नव्हे. मुळेचा वास.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

तर पुनरागमन. भराभर सांगतो, कुणी लिहून घेत असेल तर घ्या.

आजारातून उठलेल्याने घाई करायची नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान दहा दिवस विश्रांती, आणि त्यातले शेवटचे सात दिवस एकही लक्षण नको, असं तेव्हा खेळाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणू शकतो. छातीत दुखलं, धडधडलं, नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर एर्गवर दम काढून पाहायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. जे आजारी नव्हते त्यांनाही सूट नाही. आठ महिने खुर्चीत बसलेली कंबर, आणि त्या कंबरेला आठवतंय मार्चमध्ये वल्हवलेलं अंतर. आपल्या खेळात सगळ्यात जास्त दुखते ती कंबर. आणि एकदम भार वाढवला की बरगडीला बारीक चीर जाते, तिला खोकल्याचं दुखणं समजून लोक महिनाभर वल्हवत राहतात. पहिले काही आठवडे निम्मंच करा, हळूहळू वाढवा. मार्चमधली सरावाची वही घरी ठेवा.

होडी कुठली? हे माझं मुख्य. ज्याला सिंगल येत नाही त्याला अंतरासाठी सिंगलमध्ये बसवू नका. रुंद सराव होडीत दोघं बसवा, तेच दोघं रोज, जोडी बदलायची नाही. उघड्यावरच्या लाँचमध्ये दोन टोकांना दोन माणसं, तोंडाला मास्क, यात जो धोका आहे तो लाँच नसण्यापेक्षा कितीतरी कमी. पाण्यावर वल्हवताना मास्क नको, खिशात कोरडा ठेवा, काठावर लावा. एकटं कुणी सुटायचं नाही, निदान दोन सिंगल बरोबर. पोहण्याची चाचणी सगळ्यांची पुन्हा, माझ्यासारख्या जुन्यांची आधी. चौघांची फोर काढायचीच असेल तर जिच्यात कॉक्स पुढच्या टोकाला आडवा असतो ती काढा, त्याच्या तोंडावर मोकळी हवा तरी येते. बोटहाउसची दारं उघडी, पुसायचं ते अंगणात. एका बंद खोलीत दहा जणांनी मिळून वल्ही निर्जंतुक करणं हे आपण केलंय, परत नको.

तुम्ही म्हणाल, सरळ एकत्र राहून सराव केला तर? केला की, आपल्याच गावात. दापोडीला लष्कराच्या केंद्रात तयार झालेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग, लाइटवेट डबल. त्यांची पात्रता फेरी २०२० ची २०२१ च्या मे महिन्यावर गेली, तिथून ते टोकियोत पोचले आणि अकरावे आले. ऑलिंपिक रोइंगमध्ये तोवर भारताचं याहून वर कुणी गेलं नव्हतं. पण त्यांच्याकडे लष्कराचं गेट होतं. आपल्याकडे ९२ लिहिणारे काका. जोडीचं गणित मात्र तेच आहे, ठरलेली दोन माणसं आणि...

हो, हो, चहा झालाय, कळलं.

एकच. मी पिशवीतून नायलॉनच्या दोरीचं बंडल आणलंय, कात्रीही आहे. चहाच्या टेबलावर ठेवतो. सोमवारी सकाळी रॅकवरच्या तेवीस होड्या बघायच्या आहेत, दोन्ही बूट. उजवा आधी.