कड्यावरून एक एसएमएस

(दृश्य : कोकणकडा. धुकं वर चढतंय.)

समोर दिसतोय तो हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. अर्धगोल, आतल्या बाजूला वळलेला. खाली बेलपाड्याची घरं. आणि दरीतून वर येतंय ते धुकं. हा शॉट आम्ही पळवलेला नाही, त्याचा वेग खरंच एवढा आहे. घरं गेली, कडा गेला, आता कड्यावरची निळ्या रेनकोटातली पोरंही गेली.

पावसाळ्यात गडावर हे रोजचंच. माथा ऐसपैस, ढोरवाटा कितीतरी, आणि धुक्यात त्यातली प्रत्येक वाट पायथ्याच्या पाचनई गावालाच उतरणारी वाटते. सरावलेले लोकही इथे चकतात.

(दृश्य : ओल्या हातातला फोन)

अशा वेळी जो तो फोन काढतो. रेंज नसते. मग हात उंच करून माणूस रेंजच्या शोधात चालायला लागतो. बचाव पथकातल्या मंडळींचा सगळ्यात जास्त राग या चालण्यावर आहे. नजर स्क्रीनवर, पाय निसरड्या कातळावर, आणि कड्याची धार कुठे आहे ते दिसत नाही.

तेव्हा आधी थांबायचं, बसायचं. आता स्क्रीन नीट बघा. ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ असं लिहिलेलं दिसतंय? म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर इथे पोचत नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी पोचतोय. ११२ लावला तर तो त्या परक्या टॉवरवरून जाऊ शकतो. बोटं ओली असली की टचस्क्रीन ऐकत नाही, अशा वेळी पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबायचं. काही फोनना पाचदा लागतं, साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं. १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ही सोय असलीच पाहिजे असा नियम आहे. आपल्या फोनला किती वेळा लागतं, ते सेटिंगमध्ये घरीच बघून ठेवा.

(दृश्य : नकाशा. तीन जिल्ह्यांच्या सीमा.)

फोन लागला. पलीकडून पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कुठे आहात?”

आणि इथेच गंमत आहे. पाचनई अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. तोलार खिंडीच्या वाटेवरचं खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, जिल्हा पुणे. आणि कड्याखालचं बेलपाडा मुरबाड तालुक्यात, जिल्हा ठाणे. तुम्ही गडावर असता आणि फोनने पकडलेला टॉवर कोकणातला असू शकतो. “मोठ्या दगडापाशी आहोत, बाजूला ओढा आहे,” या वर्णनावर माणूस शोधायचा म्हटलं तर सह्याद्रीत दगड आणि ओढे सोडून दुसरं आहे काय?

म्हणून आकडे सांगा.

(दृश्य : फोनच्या पडद्यावरचे अक्षांश-रेखांश, अगदी जवळून)

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये आपल्या जागेच्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. इथे १९ ने सुरू होतो तो अक्षांश, ७३ ने सुरू होतो तो रेखांश. याला इंटरनेट लागत नाही, रेंजही लागत नाही. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपापला संदेश पाठवत राहतात. फोन फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरते. इंटरनेट नसताना याला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. मात्र डोक्यावर आकाश मोकळं हवं. कपारीत किंवा कातळाला चिकटून बसलात तर ठिपका भरकटतो.

दशांश चिन्हापुढचे आकडेही गाळू नका. दोनच सांगितलेत तर शोधाचा पट्टा किलोमीटरभराचा होतो. चार सांगितलेत तर दहा-अकरा मीटरचा, म्हणजे हाकेच्याही आत.

तुमच्या सिमची एखादी कांडी आली तर हेच आकडे एसएमएसने घरी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लोकेशनला डेटा लागतो, ते गोल गोल फिरत बसतं. एसएमएस कमकुवत सिग्नलवरही निघून जातो. त्यातच लिहा : किती जण, कुणाला काय लागलंय, बॅटरी किती.

(दृश्य : बॅटरी – ९ टक्के)

रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. एअरप्लेन मोड लावा. ठरवून तासातून एकदा काही मिनिटं उघडा. सगळ्यांचे फोन एकाच वेळी चालू ठेवू नका. एक चालू, बाकीचे बंद करून कोरड्या पिशवीत. उजेडाला टॉर्च वेगळी आणा. आणि हो, सकाळपासूनच्या रील्सचा हिशेबही याच बॅटरीत मांडला जातो.

(दृश्य : पाचनईतलं घर. चूल. वही.)

गडाखाली ज्या घरी जेवण सांगितलंत, तिथल्या ताईंच्या वहीत नाव, नंबर, माणसं आणि परतायची वेळ लिहा. फोन मेला तरी ही वही चालते. आम्हाला विचाराल तर चार्ज केलेल्या पॉवरबँकेपेक्षा आमचा भरवसा हिच्यावर जास्त.

वेळेत निरोप न गेल्यास पाऊस, वारा आणि रात्र मिळून माणूस गारठतो. भर पावसाळ्यातही अशा गारठ्याने माणसं दगावली आहेत.

(दृश्य : दोर, हेल्मेट, जीपमध्ये चढणारे कार्यकर्ते)

ही पोरं पगारी नाहीत. कुणी दुकान बंद करून आलंय, कुणी रजा टाकून. ११२ चा निरोप पोलीस ठाण्यात येतो, तिथून यांना फोन जातो, मग दोर, स्ट्रेचर आणि रात्रीची चढण. यांच्याकडे कागदावर लिहिलेले दोन आकडे असतात, तेव्हा ती सरळ तिकडेच निघतात.

तुम्हाला मधेच वाट सापडली आणि तुम्ही उतरलात, तर पहिली रेंज येताच पुन्हा फोन करा : आम्ही खाली पोचलो, शोध थांबवा. एसटीत बसल्यावर नव्हे. आधी.